अनुसयाची फळी

चित्र कसं बघावं हे मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. इथल्याच एका हायस्कुलात मी, सोपान मास्तर, ड्रॉइंग शिकवायचो. निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना माझी पोरं बसायची, बहुतेक पासही व्हायची, पण बघायला त्यातली चार-पाचच शिकली. बाकीच्यांपुढे तांब्या ठेवला की ती तांब्याकडे एकदा बघायची आणि मग तासभर कागदाकडेच बघत बसायची. मी ओरडायचो, "अरे, कागद काय सांगणार आहे तुला? तांब्याकडे बघ!" माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट. मुळशीत अजूनही लोक माझी नक्कल करतात, आणि ते मला ठाऊक आहे.

मी स्वतः निसर्गचित्रवाला. धरणाच्या कडेला स्टूल टाकून बसायचं, डोळे अर्धे मिटायचे, म्हणजे फालतू बारकावे गळून पडतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो. पलीकडचे डोंगर एकामागे एक तीन. सगळ्यात मागचा फिका आणि निळसर, मधला जरा जड, पुढचा गडद आणि उबदार. नवशिक्या तिन्ही डोंगर हिरवे रंगवतो, कारण डोंगर हिरवा असतो हे त्याने पुस्तकात वाचलेलं असतं. जाणता माणूस मागच्या डोंगरात आभाळाचा थोडा रंग मिसळतो आणि कागदावर तीन कोसांचं अंतर तयार होतं. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी यायची, माझ्यामागे उभी राहून स्वतःचे फोटो काढायची. एका रिसॉर्टवाल्याने तर मला सोफ्याच्या रंगाला जुळणारं धरण काढून मागितलं होतं. त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी घरी आलो की मी माझं फोल्डर काढायचो. जुन्या कॅलेंडरांतून आणि दिवाळी अंकांतून कापून ठेवलेली चित्रं होती त्यात, काहींवरची सही वाचता न येणारी. माझी बायको अनुसया तांदूळ निवडत बसलेली असायची, आणि दुसरं कोणी ऐकणारं नसल्यामुळे मी तिलाच शिकवायचो. एक चित्र भातखाचरांचं होतं. मी म्हणालो, "हे बघ, या माणसानं खाचरातलं पाणी रंगवलेलंच नाही. नुसते बांध काढलेत आणि मध्ये कोरा कागद सोडलाय. तरी पाणी चमकतंय की नाही?"

"मंजी न काढताच काढलंय," ती म्हणाली आणि सुपातला खडा बाजूला टाकला.

मला तिचा राग यायचा. मी दहा वाक्यांत सांगायचो ते ती तीन शब्दांत उरकायची. तिला स्वतःला आवडायचं ते मात्र वेगळंच चित्र: पितळेचं पातेलं, दोन वांगी आणि एक कांदा. त्यातल्या पातेल्याची अंधारातली कड चित्रकाराने काढलीच नव्हती, मागच्या सावलीत सोडून दिली होती. आपला डोळा ती आपोआप पुरी करतो. पातेल्याच्या पोटात वांग्याचा जांभळा रंग उतरला होता. "आपली भांडी कवा काढनार?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, "भांड्यांत काय आहे बघण्यासारखं?" वस्तुचित्र म्हणजे परीक्षेपुरतं, पोरासोरांचं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. आज ते आठवलं की जीभ झडावी असं वाटतं.

अनुसया गेली त्याला दोन वर्षं झाली. जानेवारीची अखेर होती. शेतातून आली, छातीत दुखतंय म्हणाली, आणि आम्ही गाडीने पौडच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच संपली. मी तिचा हात धरून बसलो होतो, तरी मला कळलं नाही.

पुढचे आठ दिवस मी पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून होतो. माणसं येत होती, जात होती. वस्तीतल्या बाया जेवणाखाण्याचं बघत होत्या. आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचं कार्य झालं, पाहुणे गेले, माझी एकुलती एक मुलगी प्रियदर्शिनीही कामावर परतली. ती हिंजवडीत नोकरी करते आणि जवळच माण गावात फ्लॅटमध्ये राहते. नवव्या दिवशी सकाळी घरात कोणीच उरलं नाही, आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

फेब्रुवारीतले पंधरा-वीस दिवस सूर्य समोरच्या खिंडीतून वर येतो. सव्वाआठच्या सुमाराला त्याचा एक पट्टा पूर्वेच्या खिडकीतून थेट भांड्यांच्या फळीवर पडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत निघून जातो. इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी दारात उभा राहिलो तो उभाच राहिलो. डावीकडे तांदळाचा मोठा पितळी डबा. मग पातेली, उतरत्या क्रमाने. पुढे स्टीलचा जग, चहाचं दांडीचं पातेलं, खाली खुंट्यांवर चार कप, आणि सगळ्यात उजवीकडे चहापत्तीचा पोचा आलेला छोटा डबा, एकटा, जरा सुटा. जगाचा कान, पातेल्याची दांडी, कपांचे कान, सगळे एकाच दिशेला, उजवीकडे. डोळा मोठ्या डब्यापाशी सुरू होत होता आणि त्या दांड्यांना धरून सरळ त्या एकट्या डब्यापर्यंत जात होता. काय रचना होती! एवढी वर्षं मी बायकोला चित्रातलं काही कळत नाही असं समजत आलो, आणि तिने रोजची भांडी अशी लावली होती की कुठल्याही वस्तुचित्रवाल्याने तिच्यापुढे हात जोडावेत.

मला रडू आलं, आणि त्याच वेळी ठरलंही. ही फळी म्हणजे अनुसयाच्या हातचं शेवटचं काम. तिचं दुसरं काही उरलेलं नव्हतं; लुगडी वाटली होती, फोटो होते पण त्यांत ती ताठ उभी, कोणीतरी दुसरीच. फळीवर मात्र तिचा हात होता. हे चित्र करायचं, आणि पुरं होईपर्यंत तिथली टाचणीसुद्धा हलू द्यायची नाही.

वस्तुचित्र करणाऱ्यांची एक साधी पद्धत असते. प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूने रेघ मारून ठेवायची, म्हणजे चुकून हललीच तर पुन्हा त्याच जागी ठेवता येते. मी प्रत्येक डब्याभोवती, प्रत्येक पातेल्याभोवती रेघ मारली. माझ्या स्टुलाचे चार पाय जमिनीवर आखले. खिडकीचं दार किती उघडं ठेवायचं त्याचीही खूण केली.

तीन-चार दिवसांनी गंगूबाई आली. आमच्यापासून तिसरं घर तिचं. अनुसयाची जिवाभावाची मैत्रीण. माझ्यासाठी भाजी आणली होती, ती काढून ठेवायला तिने फळीवरच्या एका पातेल्याला हात घातला. मी एवढ्या जोराने ओरडलो की तिच्या हातातली वाटी पडली. "हात लावू नका! कशालाच हात लावू नका! आधी बाहेर व्हा!" ती काहीतरी सांगत होती, पण मी ऐकून घेतलं नाही. त्यानंतर ती घरात आली नाही. कधीमधी उंबऱ्यावर झाकलेली भाकरी असायची, एवढंच.

मी एक नवा छोटा कुकर, एक ताटली आणि एक पेला आणला, पुढच्या खोलीत शेगडी मांडली आणि तिथेच राहायला लागलो. चहा नाक्यावरच्या टपरीत. प्रियदर्शिनी दर आठवड्याला म्हणायची, "पप्पा, इकडे या ना राहायला. एकटे काय करताय तिथे?" मी म्हणायचो, "चित्र झालं की येतो." पावसाळ्यात तर दिवसचे दिवस कोणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. मग मी फोल्डर उघडून मोठ्याने बोलायचो आणि मध्येच थांबायचो, कारण पलीकडून काही येत नसे.

वर्षातून वीस दिवस, दिवसाची वीस मिनिटं, असं ते काम चाललं. पहिल्या फेब्रुवारीत नुसतं रेखाटन केलं, हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेतली. दुसऱ्या वर्षी कॅनव्हासवर तपकिरी रंगात नुसत्या छाया भरल्या. मी जन्मभर जलरंगातला माणूस, पण याला तैलरंगच घेतले. जलरंगात चूक झाली की झाली, आणि इथे मला चूक करायची नव्हती. यंदा रंग चढवले. आणि ज्या कामाला मी पोरासोरांचं म्हणत होतो त्याने माझा घाम काढला. डोंगर दोन हात इकडे-तिकडे झाला तर कोणी विचारत नाही. डब्याची कड सुतभर चुकली तर डबा फळीवरून पडायला लागतो. पितळ पिवळं नसतं. ते खिडकीच्या बाजूला पांढुरकं, मध्ये मधासारखं, आणि सावलीत चक्क हिरवं असतं. कॅलेंडरातल्या त्या वांग्यांच्या चित्रासमोर मी तासनतास बसायचो. त्या माणसाने चमक कशी ठेवली होती ते मला आता उमगत होतं: भरपूर रंग घेऊन ब्रश एकदाच टेकवायचा आणि उचलायचा, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. मोठ्या डब्याची डावी कड मी त्याच्यासारखीच अंधारात हरवू दिली. जमलं. न काढताच काढलं.

सोळा फेब्रुवारीला सकाळी मी चहापत्तीच्या डब्यावर शेवटची चमक ठेवली आणि ब्रश खाली टाकला. चित्र चांगलं झालं होतं. खोटी नम्रता कशाला, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र होतं ते. आणि दाखवायला घरात कोणी नव्हतं. मी दोनदा पुढच्या खोलीत गेलो, दोनदा परत आलो. अनुसयाचं स्वयंपाकघर ओळखणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला मी हाकलून दिलं होतं. शेवटी चपला घातल्या आणि गंगूबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"गंगूबाई, जरा येता का? चित्र झालंय. तुम्ही बघावं असं वाटतं."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "आता शिव्या न्हाई ना देनार?" असं विचारलं, पदराला हात पुसले आणि आली.

चित्रासमोर ती नाक लावून उभी राहिली. मग मागे सरकली. मग पुन्हा पुढे. कोणी न शिकवता ती बरोबर बघत होती. "ह्यो पोचा बी काढलाय की," चहापत्तीच्या डब्याकडे बोट करत ती म्हणाली. "आन पातेल्याचं बूड करपल्यालं, त्ये बी. हात लावला तर गार लागंल, गुरुजी." दोन वर्षांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मी तिला रचना समजावून सांगायला लागलो. सगळे कान एका दिशेला कसे, डोळा कसा सरकतो, अनुसयाला हे उपजतच कसं कळत होतं.

ती चित्राकडे बघायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"गुरुजी, ह्ये अनुसयानं लावल्यालं न्हाई."

"म्हणजे?"

"ह्ये मी लावलंय. कार्याच्या दिशी सगळी भांडी काढली व्हती. समदी घासली, पुसली आन सांच्याला मीच लावली. तुमी भाईर बसला व्हता."

मी म्हणालो, शक्य नाही. मी म्हणालो, तुम्ही विसरलात. मग मी चिडलो, चूक सापडलेला मास्तर चिडतो तसा. "मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगाया लागले तर तुमी अंगावर आलात. आन कान बघा की, गुरुजी. अनुसया डावरी न्हवं का? तिचे समदे कान डाव्या अंगाला असायचे."

अनुसया डावरी होती हे मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. लपवून ठेवलं नव्हतं, सुचलंच नाही. ती डाव्या हाताने भाकरी थापायची, डाव्या हाताने विळा धरायची, आणि लग्नात माझ्या आईने त्यावरून तोंड वाकडं केलं होतं. सगळं मला माहीत होतं. आणि तीन फेब्रुवारी, रोज वीस मिनिटं, मी उजवीकडे वळलेली ती दांडी केसाच्या बारकाईने मोजत होतो, रंगवत होतो, आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही. कागदाकडे बघत बसणाऱ्या पोरांना मी कान धरून उभं करायचो.

मी विचारलं, "मग तुम्ही उजवीकडे का केलेत?"

"तुमी उजव्या हाताचं. आता तुमालाच करून खायाचं व्हतं. च्या टाकताना हात उलटा कराया लागू नये, म्हनून." ती खाली बघत म्हणाली, "डबा बी म्हनूनच कडंला सुटा ठेवला. अंधारात बी घावंल असा."

मी स्टुलावर बसलो. तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने माझ्या हाताला सोपं जावं म्हणून लावलेल्या फळीला मी हात लावला नव्हता, तिलाही लावू दिला नव्हता. "माफ करा," मी म्हणालो. एवढं म्हणायलाही मला फार वेळ लागला.

मग एकदम मला आशा वाटली. "गंगूबाई, अनुसया कशी लावायची ते तुम्हाला ठाऊक असेल. लावून दाखवा. मी पुन्हा काढतो. आणखी तीन वर्षं लागू देत."

तिने पदर खोचला. जग उचलून डावीकडे ठेवला, कान फिरवला. चहाचं पातेलं त्याच्या शेजारी आणलं. मग मोठा डबा दोन्ही हातांनी धरून ती थांबली. "ह्यो खाली असायचा. न्हाई... वरच व्हता जनू." डबा तसाच धरून ती फळीकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "मला न्हाई ठावं, गुरुजी. मी कुटं बघितलंय? ती काम करायची आन मी हितं दारात बसून बोलायची. भांड्याकडं कोन बघतंय?"

डबा मिळेल तिथे ठेवून ती गेली. भाताची पोती भरायची होती तिला.

मी कागद घेतला. शाळेत मी स्मरणचित्रही शिकवायचो. धरणाच्या काठावरचं एक जांभळीचं झाड, वीस वर्षांपूर्वी पाण्यात गेलेलं, त्याची मोडकी फांदी कुठल्या कोनात होती ते मी आजही डोळे मिटून काढतो. फळीच्या दोन आडव्या रेघा मारल्या आणि हात थांबला. रोज सकाळी मी याच दारात उभा राहायचो. हात पुढे करायचो, तिने दिलेला कप घ्यायचो, आणि खिडकीतून डोंगरावरचा उजेड बघायचो. ती कुठून कप काढते, कुठल्या डब्यात हात घालते, हे एका सकाळीही बघितलेलं नव्हतं. कागद कोरा राहिला. या कोऱ्यात काही चमकत नव्हतं.

दुपारी मी स्वयंपाकघरातला गॅस पेटवला. सिलिंडर दोन वर्षं तसाच होता, तरी पेटला. चहा करून ओट्यापाशी उभ्यानेच प्यायलो. साखर जास्त झाली होती.

संध्याकाळी प्रियदर्शिनीचा फोन आला. जेवणाची, गोळ्यांची चौकशी झाली. मी विचारलं, "प्रियू, आईची भांड्यांची फळी आठवते का गं तुला? तांदळाचा डबा वर असायचा का खाली?"

"नाही हो पप्पा. नक्की नाही आठवत. तसं कधी बघितलंच नाही मी." मग तिचा आवाज हलका झाला. "पण तुम्ही चित्र काढताय ना तिचं? झालं का ते?"

"आज झालं."

"खरंच? मग रविवारी येते मी. ते मला हवंय पप्पा, फ्लॅटवर किचनसमोर लावणार आहे. आईनं ठेवलेलं सगळं जसंच्या तसं रोज बघता येईल. आणि डब्याचं काय विचारताय? चित्रात बघा की. त्यात असेलच ना बरोबर."

मी चित्राकडे बघितलं. चित्र खरोखर चांगलं झालं होतं.

"हो," मी म्हणालो, "त्यात आहे सगळं."